मोटरसायकलच्या अंगात आलं

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास प्रतापनगरच्या श्रमसाफल्य सोसायटीत एका मोटरसायकलच्या अंगात आलं.

माणसांच्या अंगात येतं, हे सोसायटीला नवं नव्हतं. नवरात्रात दोन-चार बायका हमखास घुमायच्या, आणि एका वर्षी तर रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका तिकीट तपासनिसाने अंगात आल्यावर आरतीला जमलेल्या सगळ्यांकडे तिकिटं मागितली होती. पण यंत्राच्या अंगात येण्याची ही पहिलीच खेप. त्यामुळे पोहे बशीत तसेच टाकून माणसं चौकात धावली. ज्यांना खाली जागा मिळाली नाही ती गच्चीवर चढली, आणि सगळ्यांनी मोबाईल वर धरले.

चौकाच्या मधोमध माताजींची देरी होती, म्हणजे कमरेएवढं संगमरवरी देऊळ. तिच्याभोवती जेमतेम एक मोटरसायकल फिरेल एवढीच वाट, आणि वाटेच्या बाहेरच्या अंगाला पाण्याच्या टाकीचा कठडा. त्या वाटेवर ती मोटरसायकल धडधडत होती. गिअर न्यूट्रलमध्ये, मागून ढकलायला दोन माणसं. पुढे एका हाताने हँडलची डावी मूठ धरून आणि दुसऱ्या हातात मोरपिसांचा जुडगा घेऊन भुवाजी विक्रमसिंह चालत होते. भुवा म्हणजे देवाला स्वतःच्या अंगात बोलावून लोकांना कौल देणारा माणूस. हे गुजरातीच, जवळच्या पादरा गावचे होते. या वेळी मात्र त्यांनी स्वतःचं अंग मागे ठेवून मोटरसायकलचं पुढे केलं होतं. सोय म्हणून हे काही वाईट नव्हतं. घुमायचं गाडीने, तापायचं गाडीने, आणि नारळ न्यायचा भुवाजींनी.

"जुओ!" भुवाजी गरजले. "रेसच्या मुठीला कोणाचा हात छे? कोणाचाच नथी!" त्यांची भाषा निम्मी गुजराती आणि निम्मी मराठी होती. समोर साळवी, घोरपडे, मोहिते अशी मंडळी दिसली की मराठीचं प्रमाण वाढायचं.

खरोखरच उजव्या मुठीला कुणाचाही हात नव्हता.

"बोल मा! या घरावर सावली आहे का?"

मोरपिसं फिरली. गाडी दोन-तीन पावलं पुढे सरकली, देरीला वळसा घालू लागली, आणि इंजिन एकाएकी असं किंचाळलं की टाकीवरची सगळी कबुतरं उडाली. "जय माताजी!" गर्दी ओरडली. हँडल सरळ झालं तरी किंचाळणं थांबेना. मग भुवाजींनी मोरपिसं काखेत मारली, झोळीतला नारळ पेट्रोलच्या टाकीवर थाडकन आपटला, आणि आवाज खाली आला. माताजी शांत झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले.

हेमचंद्र साळवी आपल्या दारातल्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. गाडी त्यांच्या मुलाची होती, सावली त्यांच्या घरावर होती आणि भुवाजींना बोलावणं त्यांच्या बायकोने धाडलं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं त्यांनी ब्रेक विभागात फिटर म्हणून काढली होती. अंगात येणं, करणी, उतारा या प्रकारांना ते मनातल्या मनात सणसणीत शिव्या घालायचे. मनातल्या मनात, कारण घरात शांतता हवी असेल तर देवाधर्मात बोलायचं नाही, हा धडा लग्नाच्या पहिल्या वर्षीच पद्माबाईंनी त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता.

प्रकरण सुरू झालं दहा दिवसांपूर्वी. मुलगा कुणाल मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला. त्याने जुनी मोटरसायकल घेतली आणि मोबाईलवर कुणाचं तरी बघून तिला उंच, रुंद हँडल बसवून आणलं. आधीच्यापेक्षा चांगली वीतभर वर गेलेलं. सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन घरात आलेली त्याची बायको आभा ते बघून खळखळून हसली होती. "यावर दोन्ही बाजूंना टॉवेल वाळत घालता येतील," असंही म्हणाली होती. हे वाक्य पुढे तिच्यावर शेकणार होतं.

पद्माबाईंचा एक नियम होता. घरातल्या वाहनाला काहीही नवं बसवलं, मग तो टायर असो नाहीतर आरसा, की आधी माताजींना पाच प्रदक्षिणा घालायच्या आणि मगच ते रस्त्यावर काढायचं. कुणालने आईचं ऐकलं. पहिल्या प्रदक्षिणेचं पहिलं वळण घेताच इंजिन किंचाळलं. त्याने घाबरून मूठ सोडली, हँडल सरळ केलं, तरी गाडी आवरेना. ती सरळ टाकीच्या कठड्यावर गेली आणि कुणालच्या डाव्या पायाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

अशा वेळी गाडीला काय झालं, असं कुणीतरी विचारायला हवं होतं. श्रमसाफल्य सोसायटीने विचारलं की हे केलं कुणी. माताजींच्या दारात, प्रदक्षिणा घालताना अपघात होतो म्हणजे काहीतरी असणारच. सोसायटीचे सेक्रेटरी पिलाजीराव घोरपडे यांच्या ओळखीत भुवाजी होतेच. येताना रिक्षात त्यांनी भुवाजींना साळवींच्या घरची सगळी माहिती भक्तिभावाने पुरवली, आणि मग भुवाजींना ती माहिती अंतर्ज्ञानाने कळली.

आता चौकात भुवाजींनी गाडी देरीसमोर थांबवली होती.

"बेन, घरमां नवुं कोण आव्युं?"

"नवीन?" पद्माबाई गोंधळल्या. "नवीन म्हणजे... सून."

"हां! पण आपण घाई नाही करायची. मा स्वतः सांगेल." भुवाजींनी डोळे मिटले. "बोल मा, मुलाचा दोष आहे?" गाडी जागेवर उभी राहून टुकटुक करत राहिली. "आईचा?" टुकटुक. "बापाचा?" हे विचारताना त्यांनी एक डोळा किलकिला करून हेमचंद्रांकडे पाहिलं, आणि तिथली नजर पाहून तो लगेच मिटला. टुकटुक. "तो पछी... वहुनो? आभा वहुनो?"

मोरपिसं फिरली, गाडी पुढे सरकली, वळली आणि किंचाळली.

आभा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. भुवाजींसाठीच केलेला चहा. अख्खी सोसायटी वळून तिच्याकडे बघत होती. परवापर्यंत जिच्याकडे रक्ताचे रिपोर्ट समजावून घ्यायला यायची, कारण आभा कारेलीबागेतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, तीच माणसं आता तिची सावली कुठवर पडलीय ते न्याहाळत होती.

निकाल सुनावण्यात आला. वहुने, म्हणजे सुनेने, वाहनाची थट्टा केली आहे, तिच्या पावलाबरोबर सावली आली आहे. येत्या रविवारी, पुन्हा कौल घेऊन, तिला माहेरी पोचवायचं. सव्वा वर्ष तिने नवऱ्याचं तोंड बघायचं नाही. नाहीतर आज पाय गेला, उद्या जीव जाईल.

उद्या जीव जाईल, या तीन शब्दांनी पद्माबाईंचं उरलंसुरलं डोकं बंद पडलं. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. आभा आजारी पडली तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसल्या होत्या. पण एकुलत्या मुलाच्या जिवावर बोट ठेवलं की कुठलीही आई वाकते, आणि भुवाजींना बोट कुठे ठेवायचं ते नेमकं कळत होतं.

दुपारी कुणाल पलंगावर प्लास्टर उंच ठेवून पडला होता. तो छताकडे बघत बायकोला म्हणाला, "आई एवढी घाबरलीय तर जा ना थोडे दिवस. मग बघू."

"सव्वा वर्ष म्हणजे थोडे दिवस?"

"मी काय करू, आभा? गाडी कशी ओरडली ते तूपण पाहिलंस."

आभा उठली. स्वयंपाकघरात येऊन भांडी घासू लागली. पाणी प्यायला आलेल्या हेमचंद्रांना तिने पाठमोरीच विचारलं, "बाबा, तुम्हालाही असंच वाटतं?"

"छे! अजिबात नाही."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

हेमचंद्रांच्या हातातला पेला तसाच राहिला. छत्तीस वर्षांत त्यांना कुठल्या साहेबाने एवढं लाजवलं नव्हतं. घरात शांतता राहावी म्हणून गप्प बसलो, असं सांगणार होते, पण कुणाच्या शांततेसाठी, हा पुढचा प्रश्न त्यांना आधीच ऐकू आला. ते पाणी न पिताच बाहेर गेले.

मंगळवारी दुपारी पद्माबाई भजनाला आणि आभा लॅबमध्ये गेली असताना हेमचंद्रांनी गाडीवरचं कापड काढलं. गाडीला हळदकुंकू होतं, झेंडूचा हार होता, पुढच्या चाकाला लिंबू-मिरची होती. जन्मभर सायकलवर वर्कशॉपला गेलेल्या या माणसाने मोटरसायकल कधी उघडली नव्हती. पण लोखंडाला आणि तारेला खोटं बोलता येत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. हार त्यांनी खुंटीला अडकवला आणि किक मारली.

हँडल सरळ होतं. टुकटुक. डावीकडे पूर्ण वळवलं. टुकटुक. उजवीकडे वळवलं, आणि माताजी आल्या.

त्यांनी हँडल सरळ केलं, तरी आवाज खाली येईना. नारळ हाताशी नव्हता म्हणून टाकीवर मुठीने एक दणका दिला. माताजी गेल्या. नारळच लागतो असं काही नव्हतं.

मग ते स्टूल ओढून बसले आणि रेसची केबल बोटाने चाचपत निघाले. मुठीपासून काळ्या नळीतून निघालेली ती तार गाडीच्या मानेसमोरून डावीकडे जात होती आणि टाकीखालून कार्बोरेटरला पोचत होती. मूठ पिळली की तार ओढली जाते आणि इंजिन रेस होतं, एवढाच तिचा धंदा. केबल जुनीच होती, जुन्या बुटक्या हँडलच्या मापाची. हँडल वीतभर वर गेलं, केबल काही वाढली नाही. गॅरेजवाल्याने तीच ताणून बसवली होती आणि लोंबू नये म्हणून मानेपाशी प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधली होती. हँडल सरळ असेपर्यंत ती कशीबशी पुरत होती. उजवीकडे वळलं की अपुरी पडायची आणि आतली तार आपोआप खेचली जायची, जणू कुणी मूठच पिळली. शिवाय पट्टी बांधली होती तिथे केबलला चक्क घडी पडली होती. त्या घडीत तार अडकायची आणि दणका बसेपर्यंत मागे यायची नाही. म्हणूनच कुणालने मूठ सोडली तरी गाडी आवरली नव्हती.

"पण मग गॅरेजपासून घरापर्यंत ही का नाही ओरडली?" हेमचंद्र स्वतःशीच पुटपुटले, आणि उत्तरही त्यांना लगेच मिळालं. रस्त्यावर हँडल एवढं वळतंच कुठे? चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. ते पूर्ण वळतं चौकातल्या अरुंद वाटेवर, देरीला वळसा घालताना. आणि तेही कायम उजवीकडे, कारण प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा असतो. या सोसायटीत कुणी कधी उलटी प्रदक्षिणा घातली नव्हती, आणि घालणारही नव्हतं. भुवाजींना हे पहिल्या फेरीतच उमगलेलं असणार. होकार हवा असेल तेव्हा ते गाडी वळणावर ढकलत होते आणि नकार हवा असेल तेव्हा जागेवर उभी ठेवत होते. माणूस कामाचा होता, धंदा चुकला होता.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना सांगून पाहिलं. कुणाल म्हणाला, "बाबा, त्या मेकॅनिकने शंभर गाड्यांची हँडलं बदललीत." पद्माबाई म्हणाल्या, "अहो, केबल ओढली जात असेल हो, पण नेमकी आभाचं नाव घेतल्यावरच कशी ओढली गेली?" आणि पिलाजीराव तर उभेच राहिले. "उलटी प्रदक्षिणा घालून दाखवता? मातेला? हेमचंद्रराव, सोसायटीत राहायचंय ना तुम्हाला?"

आभाने मात्र लगेच जाऊन केबल बघितली, बोटाने दाबली आणि म्हणाली, "मग ही आजच बदलून टाकू या."

"बदलली तर म्हणतील, बघा, सुनेला पाठवायचं ठरताच माता शांत झाली," हेमचंद्र म्हणाले. "त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. कसं ते मला अजून सुचत नाहीये."

शनिवारपर्यंत सुचलं नव्हतं. आभाची बॅग भरून पलंगाखाली सरकवलेली होती. जेवताना पद्माबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या, "उद्या निघण्याआधी मागच्या महादेवाला जाऊन ये. आणि पूर्ण फेरी घालू नकोस हं. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने उलटं फिरायचं."

हेमचंद्रांचा घास तोंडातच राहिला. मग ते इतक्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला, आणि पद्माबाईंना वाटलं, सावली आता यांच्यावरही पडली.

रविवारी चौक गेल्या खेपेपेक्षा जास्त भरला. कौलानंतर सून घराबाहेर पडताना बघायला मिळणार होती, आणि असं काही बघायला मिळणार असलं की आपली माणसं वेळेआधी पोचतात. भुवाजी नव्या कोऱ्या शालीत आले. तेवढ्यात हेमचंद्र खुर्चीतून उठले. त्यांना उठलेलं बघूनच अर्ध्या लोकांची कुजबुज थांबली.

"भुवाजी, एक विनंती आहे. घरची लेक बाहेर काढायची म्हणजे साधी गोष्ट नाही. एकाच देवाच्या शब्दावर कशाला? मागच्या मैदानात महादेव आहे. त्याचाही कौल घेऊ. गाडी तीच, तुम्हीही तेच."

भुवाजी घुटमळले. "मातानुं काम छे, दादा. वचमां महादेवने शुं काम..."

"म्हणजे महादेवाला विचारायचं नाही?" हेमचंद्रांनी जरा मोठ्याने विचारलं.

गर्दीत चुळबुळ झाली. पद्माबाई तर पुढेच आल्या. "बरोबर आहे यांचं. महादेवाला डावलून काही करायचं नाही." लग्नानंतर देवाधर्माच्या बाबतीत नवरा बरोबर आहे, असं त्या प्रथमच म्हणत होत्या. भुवाजींचा इलाज चालेना.

मैदानातलं महादेवाचं देऊळ लहानसंच होतं, चारही बाजूंनी मोकळं. भुवाजींनी डावी मूठ धरली, मागून दोघांनी ढकललं. "बोल भोळेनाथ! आभा वहुनी सावली छे?" देऊळ उजव्या हाताला. हँडल उजवीकडे. गाडी किंचाळली. "हर हर महादेव!" गर्दीने गजर केला. भुवाजींचा चेहरा खुलला आणि टाकीवर नारळ बसला. आभा खाली मान घालून उभी होती. हेमचंद्र तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "थांब. अर्धीच झालीय."

पन्हळीपाशी आल्यावर भुवाजी तिच्यावरून पुढे निघाले, तशा पद्माबाई ओरडल्या, "अहो! पन्हळ ओलांडताय? परत फिरा!"

परत फिरणं भागच होतं. गाडी डबल स्टँडवर घेऊन जागच्या जागी गरकन फिरवली. आता देऊळ डाव्या हाताला आलं, आणि हँडल डावीकडे गेलं.

"आता विचारा," हेमचंद्र म्हणाले. "तोच प्रश्न."

"बोल भोळेनाथ, आभा वहुनी सावली छे?"

टुकटुक, टुकटुक.

"बोल, बोल बापा!" मोरपिसं फिरली. शाल घसरली. गाडीने देवळाचा अख्खा कोपरा वळून घेतला तरी टुकटुकच. भुवाजींनी मग हळूच हँडल उजवीकडे वळवायला सुरुवात केली. पण उजवीकडे देऊळ नव्हतं, बाभळीचं झुडूप होतं, आणि गाडी त्यात शिरू लागली.

"भुवाजी, देव सोडून काट्यांत कुठे निघालात?" पद्माबाईंच्या आवाजात प्रथमच शंका होती.

"महादेवने माताने शांत करी दीधी," भुवाजी घाम पुसत म्हणाले.

"मग जाताना का नाही केली?" हेमचंद्रांनी विचारलं. "जाताना आभाची सावली होती, येताना नाही. एवढ्या वेळात कुठे गेली? सरका बरं. मी धरतो."

त्यांनी डावी मूठ हातात घेतली. उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "बोल गाडी, साळवींच्या घरावर पिलाजीराव घोरपड्यांची सावली आहे का?" आणि हँडल उजवीकडे. गाडी किंचाळली. पिलाजीराव दोन पावलं मागे हटले. टाकीवर एक दणका. "भुवाजी विक्रमसिंहांची?" किंचाळी. दणका. रस्त्यापलीकडे एक भाजीवाला गंमत बघत उभा होता. "त्या हातगाडीवरच्या बटाट्यांची आहे?" बटाट्यांचीही होती.

पहिल्यांदा सोसायटीच्या गच्चीवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मैदानभर हशा पिकला. तिकीट तपासनिसांनी तर आपल्या बायकोचं नाव विचारून घ्यायला सांगितलं.

हेमचंद्र मात्र हसत नव्हते. "पद्मा, इकडे ये. या केबलवर बोट ठेव. इथे, मानेपाशी."

पद्माबाईंनी भीतभीत बोट ठेवलं. त्यांनी हँडल सावकाश उजवीकडे नेलं.

"ताणतेय," पद्माबाई पुटपुटल्या. "अहो, ही ओढली जातेय." इंजिन किंचाळलं तेव्हा त्यांनी बोट उचललं नाही. हँडल डावीकडे गेलं. "सैल पडली." मग त्यांनी स्वतःच ते हँडल धरलं, उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं, पुन्हा उजवीकडे. चार वेळा. चौथ्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि भुवाजींकडे त्यांनी असं पाहिलं की शाल, मोरपिसं आणि उरलेले दोन नारळ घेऊन भुवाजी चालत मेन रोडला लागले. "माताजी रिसाया छे," म्हणजे माताजी रुसल्या, असं जाताना म्हणाले खरे, पण ते ऐकायला कुणी मागे गेलं नाही.

त्याच दुपारी चौकात काम झालं. हेमचंद्रांनी उंच हँडलच्या मापाची लांब केबल आणली. जुनी काढून लोकांच्या हातात दिली, तिची घडी सगळ्यांनी नख लावून बघितली. नवी केबल तेल सोडून, कुठेही दुमडणार नाही अशी, ऐसपैस वळणाने बसवली. करकचून बांधणं नाही. मग इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, आवाज तसूभरही बदलला नाही. मूठ पिळून सोडली तर आपली आपण मागे आली. "हँडल बदललं की एवढं बघायचं," ते कुणालला म्हणाले. "प्रदक्षिणा त्यानंतर हव्या तेवढ्या घाल."

सगळं निभावलं असं हेमचंद्रांना वाटलं. खरं सांगायचं तर दिवसभर ते मिशीला ताव देत हिंडत होते. संध्याकाळी पद्माबाईंनी शिरा केला, आभाच्या पुढे बशी ठेवली आणि म्हणाल्या, "झालं गेलं विसर बाई. तुझा काही दोष नव्हता, हे सिद्ध झालं."

आभाने बशीला हात लावला नाही. "आई, बाबांना केबल सापडली नसती तर?"

पद्माबाईंनी बशी पुन्हा तिच्याकडे सरकवली.

"केबलची घडी टाकीखाली कुठेतरी दडलेली असती, बाबांना दिसली नसती, तर मी आत्ता माहेरी असते. माझा दोष नाही हे ठरायला एक तार सापडावी लागली. आणि तुम्ही, कुणाल, तुम्ही तर म्हणालात, जा थोडे दिवस."

कुणालने मान खाली घातली. हेमचंद्रांच्या मिशीवरचा हात खाली आला. त्यांना मनापासून लाज वाटली. आठवडाभर ते केबलचा विचार करत होते. पहिल्या रविवारी दोन शब्द बोलायला केबल लागत नव्हती, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

आरतीला सगळी सोसायटी देरीसमोर जमली तेव्हा ते पुढे झाले. भाषण त्यांना येत नव्हतं, त्यामुळे बोलणं थोडक्यात झालं.

"आज मला सगळे शाबासकी देताय. देऊ नका. गाडी का ओरडते ते मला सापडलं, पण नसतंही सापडलं. उद्या दुसरं काही होईल, दिवे आपोआप लागतील, विहिरीचं पाणी लाल होईल, आणि कारण कुणालाच सापडणार नाही. तेव्हा 'ठाऊक नाही' म्हणायला शिका. त्यात कमीपणा नाही. मेकॅनिकला बोलवा, तो हरला तर दुसऱ्याला बोलवा, डॉक्टरला बोलवा, नाहीतर वाट बघा. पण ठाऊक नाही म्हणून घरातल्या एका माणसाच्या गळ्यात ते अडकवू नका. आणि कुणी अडकवत असेल तर माझ्यासारखे खुर्चीत बसून राहू नका."

पिलाजीराव चपला शोधू लागले. आरतीचं तबक हातात घेतलेल्या पद्माबाईंनी ते देरीच्या पायरीवर ठेवलं. सगळ्यांसमोर त्या आभाजवळ गेल्या, आणि त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"माझी चूक झाली, आभा. त्या दिवशी गाडी नुसती ओरडली होती गं. तुझं नाव आम्ही घेतलं होतं."